ओंकारची वही

शहापूर, बेळगाव

प्रिय बाळ्या,

फोन उचलत नाही म्हणून शिव्या घालत असशील, घाल. तब्येत बरी, गुडघा तसाच.

परवा ओंकारच्या शाळेत गेलो होतो. मैदानावर कबड्डी चाललेली आणि आमचं पोरगं पायरीवर वही घेऊन स्कोअर लिहीत बसलेलं. कोण आठवलं सांग! ‘तुझं अक्षर त्या पायरीवरच सुधारलं’ म्हटल्यावर आनंदवाडीची कुस्ती संपेपर्यंत बोलला नव्हतास माझ्याशी. तेव्हा मला तो विनोद वाटला होता की.

पीटीचे मास्तर भला माणूस. म्हणाले, "स्पर्धा तोंडावर आहे, जाड पोराला संघात घेतलं की बाकीची हसतात." आठवड्यात दोन तास पीटी, त्यातला एक पोर्शन राहिला म्हणून गणिताला. भाषेवरून आपण इतकं भांडलो, पण पीटीचा तास कन्नड शाळेतही गणितच खातं. उरलेल्या तासात हजेरी, रांग, कवायत. ओंकार पाणी प्यायला उठला तेवढाच हलला. आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते, 5 ते 17 वयाच्या पोरांना रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी!

डॉक्टरीणबाईंनी तक्ता दाखवला. मोठ्यांचा बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा, आकडा पोरांना चालत नाही, वय आणि मुलगा-मुलगी बघून रेषा ठरते. ओंकार लठ्ठपणाच्या रेषेवर. नुसत्या पीटीनं वजन उतरेल असं समजू नका, म्हणाल्या, खाणंही बघा. पण दम वाढेल. आई म्हणते, "खात्यापित्या घरचं पोर, नजर लावू नका," आणि वाटीत कुंदा वाढते.

पालकसभेत बोललो. एकजण म्हणाला, "आमच्याकडं पोरं हडकुळी, तुम्ही हे काय काढलंय?" खोटं नाही ते, त्याच वर्गात तीही आहेत. पण पळायला दोघांनाही हवं. मी एवढंच मागितलं: पीटीचा तास कुणाला देऊ नका, आणि बाद झालेल्याला बसवू नका, मैदानाला एक फेरी मारून परत आत घ्या. आधी बाद कोण होतं, ते तुला सांगायला नको. आपल्याकडं खेळ म्हणजे कप, म्हणजे ठरलेली बारा पोरं. बाकी टाळ्या वाजवायला. मास्तर "बघू" म्हणालेत. आपल्या मास्तरांचं "बघू" अजून चालूच आहे.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींचा दात? चिंगीला आशीर्वाद.

दिवाळीला येशील तेव्हा ओंकारला घेऊन मैदानावर जा. पायरीवरून उठून तालमीत कसा गेलास, ते तूच सांग. बापाचं ऐकत नाही तो. आणि पुण्याहून बाकरवडी आणू नकोस, आई चोरून देते.

तुझा,
पम्या