‘बेजार’चं काय करायचं?

खानापूर, जि. बेळगाव
१२ जानेवारी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

शाळकरी मुलांच्या आरोग्याच्या आणि धोक्याच्या सवयींच्या पाहणीसाठी तुम्ही इंग्रजीवरून मराठीत केलेली प्रश्नावली मिळाली. ‘मराठी नीट आहे का एवढंच बघ आणि दोन दिवसांत कळव,’ असं लिहिलं होतंस. आज पंधरा दिवस झाले. मराठी नीट आहे, शुद्धलेखनाची एक चूक सापडली नाही. पण मुख्याध्यापकांची आणि पालकांची परवानगी घेऊन मी नववीतल्या अकरा मुलामुलींना एकेकटं बसवलं आणि ती वाचून घेतली. कुणाचंही उत्तर विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, ‘यात तुला काय विचारलंय असं वाटतंय?’ मग दोन दिवस कसले पुरतात!

तंबाखूपासून सांगतो. एका मुलीला म्हटलं, तंबाखूत काय काय धरशील? विडी, सिगारेट, गुटखा, मावा अशी भराभर नावं घेतली. ‘आणि मिश्री?’ ती माझ्याकडे बघतच राहिली. ‘सर, ती दात घासायची असते.’ घरात आजी लावते, आई लावते, तव्यावर भाजून डब्यात भरून ठेवलेली असते. भाजलेली तंबाखूच ती, पण त्या पोरीच्या डोक्यात तिचा कप्पा दंतमंजनाचा. म्हणजे रोज मिश्री लावणारी मुलगी ‘आपण तंबाखू सेवन करता का’ याला नाही म्हणेल, आणि ते खोटं बोलणं नसेल. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के तंबाखू वापरतात असं निघालं. आपल्या भागात असा आकडा काढायचा तर मिश्री नाव घेऊन विचारायला हवी. नाहीतर मुलींचा आकडा खाली येईल आणि आपण समाधान मानून बसू.

निपाणीला माझी आत्या होती, तुला आठवत असेल. मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायची. तसल्या घरातली पोरगी शाळेतून आली की पानं कातरायला बसते. तुझ्या कागदावर घरात कोणी धूर सोडतं का, असा प्रश्न आहे. पण या घरांत धूर नसतो, तंबाखूची धूळ असते. ती कुणी विचारलेलीच नाही.

असं का होतं, ते मूळ कागद कुठून आला हे पाहिल्यावर उमगलं. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने १९९१ पासून दर दोन वर्षांनी नववी ते बारावीच्या मुलांसाठी ही पाहणी चालवली. तिकडच्या पोरांचे धोके त्यांनी नीट हेरले, त्यात त्यांचा दोष नाही. पण तिथे चोवीस तास न जेवणं म्हणजे वजन उतरवण्याचा घातक उपाय. प्रश्नात ‘वजन कमी करण्यासाठी’ असं लिहिलंय खरं, पण आमची मुलं ‘उपवास’ या शब्दावरच थांबली. एकीने नवरात्राचे नऊ दिवस मोजले. तिथे शाळेत चाकू आणला का, हा हिंसेचा प्रश्न. इथे उसाच्या हंगामात बापाबरोबर पहाटे फडात जाऊन आलेल्या पोराच्या पिशवीत कोयता असतो, तो त्याला हत्यार म्हणायला तयारच नाही. आणि गाडीत सीटबेल्ट लावतोस का, हे अकरांपैकी नऊ जणांना लागूच नव्हतं. उसाच्या ट्रॉलीच्या हुकावर उभं राहून जातोस का, मोटरसायकलवर तिघं बसता का, असं विचार, मग खरा धोका बाहेर येईल.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, त्याकडे येतो. तुझ्या प्रश्नावलीत आहे, ‘गेल्या बारा महिन्यांत आपल्याला सलग दोन आठवडे किंवा अधिक काळ जवळपास रोज इतकं उदास किंवा निराश वाटलं का, की नेहमीची कामं करणं थांबवलं?’ मुलांनी वाचलं आणि गप्प झाली. ‘उदास’ हा त्यांना धड्यातला शब्द. मग सगळ्यांना एकत्र बसवून मी म्हटलं, तुम्ही काय म्हणता? एक जण म्हणाला, ‘बेजार होऊलंय म्हणतो सर.’ मागच्या बाकावरच्या, घरी कन्नड बोलणाऱ्या मुलानेही तोच शब्द सांगितला. मला वाटलं, झालं काम, दोन्ही भाषांना चालणारा शब्द मिळाला. मग खोलात गेलो. मराठी घरातल्या पोराचं ‘बेजार’ म्हणजे कामाने, कटकटीने जीव मेटाकुटीला येणं. कन्नड घरातल्या पोराच्या ‘बेजार’मध्ये कंटाळाही आला, वाईट वाटणंही आलं, कुणावर रुसणंही आलं. शब्द एक, बाक एक, आणि दुखणी वेगळी.

तुमच्याकडे मराठीतून परत इंग्रजी करून ताळा बघतात ना? त्या ताळ्यात हे कधीच पकडलं जाणार नाही. परत भाषांतर करणारा शहाणा माणूस असतो, ‘उदास’चं बरोबर इंग्रजी तो करणारच. प्रश्न कागदावरून कागदावर नीट गेला, पण पोरापर्यंत पोचला नाही.

तू म्हणशील, प्रश्न बदलले तर इतर देशांशी तुलना कशी करायची? ही तुझी अडचण खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शालेय पाहणीत काही प्रश्न सगळीकडे सारखे ठेवतात आणि काही प्रत्येक देश आपले घालतो. ती वाट मला पटते. पण ‘सारखे’ म्हणजे शब्दाला शब्द सारखे नव्हेत, विचारायचंय ते सारखं. दोन आठवडे आणि काम थांबणं हा त्या प्रश्नाचा कणा आहे, तो राहू दे. मधल्या भावनेला ‘जीव लागत नाही, काही करावंसं वाटत नाही’ असं दे. मुलांनीच सुचवलंय हे. ‘गेल्या तीस दिवसांत’च्या जोडीला ‘मागच्या चार आठवडी बाजारांत’ लिही, दिवस पटकन लागतात. ‘क्वचित’ आणि ‘कधीकधी’ यांत कुणालाच फरक सांगता आला नाही, त्यातला एक काढ. आणि ‘आपण’ नको रे! सरकारी अर्ज वाटतो. ‘तू’ म्हण.

जीव द्यावासा वाटला का, या प्रश्नावर आमच्या शिक्षकखोलीत वाद झाला. विचारल्याने मुलांच्या डोक्यात भरतं, असं दोघांचं म्हणणं. तसं होत नाही, हे अभ्यासांतून दिसलंय, मी त्यांना सांगितलं. पण मला आपला आठवीतला तिसरा बाकसोबती आठवत होता. तो पण ‘बेजार आलाय’ म्हणायचा, कितीतरी दिवस. आपण हसून खेळायला पळायचो. त्याला कुणी एकदा नीट विचारलं असतं तर, हे मी अजून मनातून काढू शकलेलो नाही. तूही काढलं नसशील.

म्हणून तो प्रश्न काढू नकोस. मात्र कागदाच्या मागच्या पानावर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांच्या मदतीच्या चाइल्डलाइनचा १०९८ ठळक छाप, मराठीत आणि कन्नडमध्ये. वर्गशिक्षकाला त्या तासाला बाहेर ठेव, मुलांना लांब लांब बसव, कागदावर नाव नको. आणि त्या दिवशी शाळेत समुपदेशक नसेल तर पाहणी पुढे ढकल. विचारून निघून जाणं मला चालणार नाही.

मुलांनी खुणा केलेली प्रत सोबत पाठवतोय. लाल शाई माझी, पेन्सिल त्यांची. पेन्सिलीचं आधी वाच. पुढच्या आठवड्यात दोन दिवस काढून इकडे ये, कन्नड शाळेतल्या मुलांसमोरही बसू. त्यांच्या ‘बेजार’चं अजून काहीच ठरलेलं नाही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाकावरचा शेजारी