चर्नी रोडच्या त्या दोघांचे मनःपूर्वक आभार

गेली 9 वर्षे मी टोरंटोत राहतो. तिथल्या कामाने आणि मोकळेपणाने मला पुष्कळ दिले. पण गिरगावात एकटी राहणारी आई आणि मी यांच्यात उन्हाळ्यातही साडेनऊ तासांचे अंतर असते, ते कोणत्याही पगाराने भरून निघत नाही.

गेल्या जुलैत, भर पावसात, सकाळी साडेआठच्या सुमारास चर्नी रोड स्थानकाच्या जिन्यावर आईचा पाय घसरला आणि तिचे मनगट मोडले. माझ्याकडे तेव्हा आदल्या रात्रीचे अकरा वाजले होते. गर्दीतल्या एका कॉलेजच्या मुलीने आईच्या फोनवरून मला व्हिडिओ कॉल लावला आणि बोलण्याआधी आईचा चिखलाने माखलेला चष्मा स्वतःच्या ओढणीने पुसून तिच्या डोळ्यांवर नीट बसवला, कारण “आजींना तुम्ही दिसायला हवेत ना.” एका काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या चालककाकांनी दोघींना रुग्णालयात नेले, एक्स-रे होईपर्यंत ते थांबले, थांबल्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत आणि जिन्यावर राहिलेली आईची एक चप्पल परत जाऊन शोधून आणली.

त्या गडबडीत नावे विचारायची राहून गेली. त्या मुलीचे आणि काकांचे मी अंतःकरणापासून आभार मानतो. आईचा हात आता बरा आहे, आणि देवळात जाताना ती तीच चप्पल घालते.