इलेक्ट्रॉन स्वीकारणाऱ्या पॉलिमरांचे मोल टक्क्यांपलीकडे आहे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

‘प्लास्टिकचे सौरघट’ हा विषय वृत्तपत्रांत अधूनमधून येतो आणि जवळजवळ प्रत्येक वेळी बातमी एकाच आकड्यापाशी येऊन थांबते, तो म्हणजे कार्यक्षमता किती टक्क्यांवर गेली. हा आकडा महत्त्वाचा आहेच. परंतु इलेक्ट्रॉन स्वीकारणाऱ्या संयुग्मित पॉलिमरांवर (म्हणजे कार्बनच्या साखळीत एकआड एक दुहेरी बंध असल्याने वीज वाहू शकणाऱ्या प्लास्टिकांवर) गेल्या काही वर्षांत झालेले काम केवळ त्याच्यावरून जोखले, तर त्या कामाचा गाभाच वाचकापर्यंत पोहोचत नाही, असे मला वाटते.

नेहमीच्या सौरघटांतील सिलिकॉनवर प्रकाश पडला की सुटलेला इलेक्ट्रॉन आणि त्याच्या जागी उरलेली पोकळी सहज विलग होतात. पॉलिमरमध्ये मात्र ही जोडी एकमेकांना घट्ट धरून राहते आणि साधारण १० नॅनोमीटरच्या टप्प्यात तिची फारकत झाली नाही, तर शोषलेली ऊर्जा वाया जाते. म्हणून इलेक्ट्रॉन देणारा आणि इलेक्ट्रॉन घेणारा असे दोन पदार्थ अगदी बारीक पातळीवर एकमेकांत मिसळावे लागतात. १९९५ साली अमेरिकेत ॲलन हीगर यांच्या गटाने घेणारा पदार्थ म्हणून फुलरिन, म्हणजे कार्बन अणूंचा चेंडूसारखा पोकळ रेणू, वापरले. त्याच वर्षी केंब्रिजमध्ये रिचर्ड फ्रेंड यांच्या गटाने देणारा आणि घेणारा असे दोन्ही पदार्थ पॉलिमरच ठेवून पाहिले. पुढची सुमारे वीस वर्षे फुलरिनचा वरचष्मा राहिला आणि दुसरी वाट मागे पडली.

फुलरिनची उणीव पाहायची असेल, तर अशा मिश्रणाचा सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा काचेवर घेऊन १४०–१५० अंश सेल्सिअसला तापत ठेवावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरावा. सुरुवातीला एकसारखा दिसणारा पापुद्रा हळूहळू ठिपक्याठिपक्यांचा होतो, कारण फुलरिनचे लहान रेणू मिश्रणातून सरकत एकत्र येतात आणि त्यांचे स्फटिक वाढू लागतात. असा प्रत्येक ठिपका म्हणजे देणाऱ्यापासून दुरावलेला घेणारा पदार्थ असतो. लांब साखळ्यांचे पॉलिमर गुंतलेल्या दोऱ्यांप्रमाणे एकमेकांत अडकून राहतात. ते इतक्या सहजासहजी सरकत नाहीत, आणि पापुद्रा वाकवला किंवा ताणला तरी तो लगेच तडकत नाही. वाकणाऱ्या आणि अंगावर घालता येणाऱ्या उपकरणांसाठी हा गुण टक्क्या-दोन टक्क्यांच्या वाढीपेक्षा मोलाचा ठरू शकतो.

असे असूनही घेणारा पॉलिमर चांगला मिळत नव्हता. २००९ साली पुढे आलेला नॅप्थलीन डायइमाइड या सेंद्रिय रेणूवर आधारलेला एन२२०० हा पॉलिमर इलेक्ट्रॉन उत्तम वाहून नेत असे, पण प्रकाश पुरेसा शोषत नसे. कोंडी फुटली ती २०१७ साली. चीनमधील ली योंगफांग यांच्या गटाने प्रकाश जोमाने शोषणारे लहान रेणूच एकमेकांना जोडून त्यांची साखळी केली आणि सुमारे ९ टक्के कार्यक्षमता मिळवली. २०१९ साली वाय६ हा इलेक्ट्रॉन घेणारा नवा लहान रेणू आल्यावर त्याच्याही अशा साखळ्या झाल्या, आणि आज दोन्ही पदार्थ पॉलिमर असलेले प्रयोगशाळेतील घट १८ टक्क्यांपलीकडे गेले आहेत.

या प्रवासातली मला सर्वांत शिकण्यासारखी वाटलेली गोष्ट २०२० सालची आहे. वाय६च्या वंशातले रेणू साखळीत ओवताना जोड रेणूच्या टोकावरील दोन वेगवेगळ्या जागी बसू शकतो. सगळे जोड एका ठराविक जागी बसवलेल्या पॉलिमरने सुमारे १५ टक्के कार्यक्षमता दिली, तर दुसऱ्या जागी बसवलेल्या पॉलिमरने जेमतेम १० टक्के. अणू तेच, त्यांची संख्या तीच. बदलली ती फक्त जोडाची जागा. साखळीच्या लांबीचेही असेच आहे. एका खेपेला तयार केलेला पॉलिमर आणि दुसऱ्या खेपेला तयार केलेला पॉलिमर यांच्या साखळ्यांची लांबी वेगळी आली, की घटही वेगळा वागतो. तेव्हा ‘विक्रमी कार्यक्षमता’ छापताना तोच पदार्थ पुन्हा तयार केल्यावर तीच कार्यक्षमता मिळाली का, हे विचारणे आवश्यक आहे. घटाचे क्षेत्रफळ किती होते (बहुतेक विक्रम काही चौरस मिलिमीटरांवरचे असतात), प्रकाशात आणि उष्णतेत तो किती तास टिकला, पापुद्रा क्लोरोफॉर्मसारख्या घातक द्रावकातून घातला की सौम्य द्रावकातून, हेही बातमीत यायला हवे. यांपैकी अनेक पॉलिमर कथिलाची विषारी संयुगे वापरून तयार होतात, हे तर क्वचितच सांगितले जाते.

याच पॉलिमरांचा दुसरा उपयोग प्रकाशसंवेदकांत होतो आणि त्याकडे तर जवळपास कोणाचेच लक्ष जात नाही. संवेदकाची कसोटी वेगळी असते. अंधारात त्यातून वाहणारा प्रवाह जितका कमी, तितका क्षीण प्रकाश तो ओळखू शकतो. शिवाय प्रतिसादाचा वेगही लागतो. अवरक्त प्रकाश टिपण्यासाठी पदार्थातील ऊर्जेचे अंतर (इलेक्ट्रॉन सुटण्यासाठी लागणारी किमान ऊर्जा) कमी करावे लागते आणि ते कमी केले, की उष्णतेनेच प्रवाह निर्माण होऊन अंधारातला प्रवाह वाढतो. पापुद्रा जाड केला, तर हा प्रवाह घटतो, पण वेग मंदावतो. बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजन मोजणारे यंत्र तांबडा आणि अवरक्त असे दोन्ही प्रकाश टिपते. त्याचा संवेदक त्वचेबरोबर वाकणारा करायचा, तर हा तोल साधणारा आणि ताण सोसणारा पदार्थ लागेल. तिथे सौरघटाचे टक्के काहीच सांगत नाहीत, म्हणून अशा संवेदकाची बातमी देताना अंधारातला प्रवाह, प्रतिसादाचा वेग आणि किती वेळा वाकवल्यानंतर हे मोजमाप घेतले, एवढे तरी आपल्या वार्ताहरांनी अवश्य नोंदवावे, अशी विनंती आहे.

आपला,
पदार्थविज्ञानात रस असलेला एक वाचक