गरिबीवर खापर फोडणे थांबवा: जागतिक बँकेच्या अध्यक्षांना खुले पत्र

मा. अध्यक्ष,
जागतिक बँक, वॉशिंग्टन

महोदय,

गरीब देशांतल्या भ्रष्टाचाराचे खापर गरिबीवर फोडले जाते; मला ते पटत नाही. आफ्रिकेतले रवांडा आणि बुरुंडी हे शेजारी देश आपल्या बँकेच्या वर्गवारीत एकाच, कमी उत्पन्नाच्या गटात बसतात. क्षेत्रफळ जवळपास सारखे. आधी जर्मनीची, मग बेल्जियमची सत्ता. स्वातंत्र्यही एकाच दिवशी, १ जुलै १९६२ ला. हुतू आणि तुत्सी हे समाज दोन्हीकडे आहेत, आणि भाषा इतक्या जवळच्या की एकाला दुसऱ्याचे बोलणे कळते. तरीही भ्रष्टाचारावर लक्ष ठेवणाऱ्या ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल या संस्थेच्या २०२४ च्या भ्रष्टाचार निर्देशांकात (गुण जितके जास्त, तितका कारभार स्वच्छ) रवांडाला शंभरपैकी ५७ गुण आहेत आणि बुरुंडीला १७. हा निर्देशांक तज्ज्ञांच्या आणि उद्योजकांच्या मतांवर बेतलेला असतो, प्रत्यक्ष चोरीला गेलेला पैसा तो मोजत नाही, हे मान्य. पण चाळीस गुणांची दरी मतभेद म्हणून सोडून देता येत नाही, आणि गरिबीने तर तिचा उलगडा मुळीच होत नाही.

माझ्या मते खरा प्रश्न अधिकाऱ्याला जाब कोण विचारतो, हा आहे. रवांडात २००६ पासून जिल्ह्यांचे महापौर ‘इमिहिगो’ नावाच्या करारावर राष्ट्राध्यक्षांसमोर सह्या करतात. वर्षभरात काय काय करून दाखवायचे ते त्यात लिहिलेले असते आणि वर्षाअखेर त्याची तपासणी होते. बुरुंडीत १९९३ पासून बारा वर्षे यादवी चालली. ती थांबवताना सत्तेतल्या पदांची वाटणी करावी लागली. रक्तपात थांबवायला तो मार्ग आवश्यकच होता, त्याला मी नावे ठेवणार नाही. पण वाट्याला आलेल्या पदाचा हिशेब मागायचा कोणी?

रवांडाचे कौतुक मात्र मला मोकळ्या मनाने करता येत नाही. तिथे जाब विचारणारा एकच, आणि तो सगळ्यांच्या वर बसलेला. विरोधकांना तुरुंग दाखवला जातो, पत्रकार जपून लिहितात. अशा व्यवस्थेत शिपायाची लाच बंद होते, पण सत्ताधारी पक्षाच्याच मालकीच्या कंपन्यांचे व्यवहार तपासण्याची हिंमत कोण करणार? वरचा माणूस बदलला तर यातले किती टिकेल, ही भीती मला वाटते आणि आपल्यालाही वाटायला हवी.

बोट्स्वानाचे उदाहरण म्हणूनच मोलाचे आहे. १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा तो जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक होता. पुढच्याच वर्षी ओरापा इथे हिऱ्यांचा मोठा साठा सापडला आणि त्याच वर्षी खनिजांवरचे हक्क जमातींकडून राष्ट्राकडे आले. राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांची स्वतःची जमातही त्यातून सुटली नाही. निसर्गानेही साथ दिली. तिथले हिरे खोल खडकात आहेत, त्यांना मोठी खाण लागते, त्यामुळे हिशेब मोजक्या ठिकाणी राहतो. सिएरा लिओनमध्ये ते नदीच्या गाळात सापडतात. फावडे आणि चाळण असली की पुरे, आणि मग बंदूकवालाही तिथे पोहोचतो. पण केवळ भूगर्भाने सरकारे सुधारत नाहीत. बोट्स्वानाने शिस्त लावली ती गरीब असताना. आधी श्रीमंत व्हा, मग स्वच्छ व्हाल, असे सांगणाऱ्यांनी हा क्रम नीट पाहावा.

पगार वाढवा म्हणजे लाच थांबेल, हा दुसरा आवडता उपाय. घानाने २०१० मध्ये पोलिसांचे पगार जवळपास दुप्पट केले. महामार्गावरच्या ट्रकचालकांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तर लाचेच्या रकमा उलट वाढलेल्या दिसल्या. पगार वाढला, पण विचारणारा कोणी आला नव्हता.

युगांडात तो आला. १९९१ ते १९९५ या काळात प्राथमिक शाळांच्या दर विद्यार्थ्यामागच्या अनुदानातले सरासरी फक्त १३ टक्के शाळेपर्यंत पोहोचत होते. मग कोणत्या जिल्ह्याला किती पैसे गेले हे वर्तमानपत्रांत छापले जाऊ लागले, शाळांच्या भिंतींवर लागले, आणि २००१ पर्यंत ८० टक्क्यांहून अधिक रक्कम पोहोचू लागली. त्याच सुमारास इतरही सुधारणा चालू होत्या, त्यामुळे सगळे श्रेय वर्तमानपत्रांना द्यावे की नाही यावर वाद आहे. आणि २०२४ मध्येही युगांडाचे गुण २६ च आहेत. म्हणजे एक प्रवाह स्वच्छ झाला म्हणून देश स्वच्छ होत नाही. तरी त्या मुलांपर्यंत त्यांचे पैसे पोहोचले, हे मला फार मोठे वाटते.

आता आपल्या घरातले. मदतीवर अवलंबून असलेल्या २२ देशांबद्दलचा एक शोधनिबंध आपल्याच बँकेने २०२० मध्ये प्रसिद्ध केला. मदतीचा हप्ता आला की करचुकव्यांच्या आश्रयस्थानांतल्या बँकांत त्या देशांच्या ठेवी वाढतात, असे त्यात आढळले. गळतीचा अंदाज मदतीच्या सुमारे साडेसात टक्के. त्या ठेवी ज्या बँकांत जमतात त्या गरीब देशांतल्या नाहीत, आणि तरी बदनामी एकट्या गरीब देशांची होते.

भ्रष्टाचारविरोधी कायदा केला, आयोग नेमला, की आपल्या तपासणी यादीत खूण होते. ती खूण बंद करा. शाळा असो, दवाखाना असो, रस्ता असो, जिथे पैसा अखेर पोहोचायचा तिथे मंजूर रक्कम आणि हाती आलेली रक्कम लोकांच्या भाषेत लावण्याची अट प्रत्येक कर्जकरारात घाला. ती माहिती मागणाऱ्या पत्रकाराला वा गावकऱ्याला त्रास झाला तर पुढचा हप्ता थांबवा, मग त्या देशाचे गुण १७ असोत की ५७.

कळावे.

आपला नम्र,
एका सदस्य देशाचा नागरिक