विमान उभं कुठे करणार, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत लढाऊ विमानांतून क्षेपणास्त्रविरोधी अस्त्रं सोडण्यावरचा लेख वाचला. शत्रूचं क्षेपणास्त्र त्याच्याच आकाशात पाडता येईल, असा त्याचा सूर होता. माझी २२ वर्षं हवाई दलाच्या शस्त्रविभागात, विमानांच्या पंखाखाली गेली. ही कल्पना नवी नाही आणि खोटीही नाही. पण जी गोष्ट लेखातून सुटली, तिच्यापाशीच सगळं अडतं, म्हणून हे पत्र.

लेखात १९८५ चा दाखला आहे. त्या वर्षी १३ सप्टेंबरला अमेरिकेच्या एफ-१५ ने चढती झेप घेत ११-१२ किलोमीटर उंचीवरून एक अस्त्र सोडलं आणि साडेपाचशे किलोमीटर वरून जाणारा सोलविंड उपग्रह फोडला. विमानाचा फायदा त्यात दिसतोच. तेवढ्या उंचीवर हवा जमिनीच्या मानाने पाव ते तिसरा हिस्सा उरते, रॉकेटला ती दाट हवा चिरत वर चढावं लागत नाही, शिवाय विमानाचा वेग आयता मिळतो. पण उपग्रह कुठल्या क्षणी कुठे असणार हे कागदावर आधीच मांडता येतं. वैमानिक वेळ धरून उडाला. क्षेपणास्त्र कुणी वेळ कळवून सोडत नाही.

आता हिशेब बघा. घन इंधनाच्या आंतरखंडीय क्षेपणास्त्राचं इंजिन साधारण १७० सेकंद जळतं, द्रव इंधनाचं २४० च्या आसपास. अमेरिकेतल्या भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २००३ च्या अभ्यासात हेच आकडे धरले होते. क्षेपणास्त्र पाडायला सगळ्यात सोपं याच काळात, कारण ज्वाळा लांबून दिसते आणि वेग अजून पुरता आलेला नसतो. घन इंधनाच्या १७० पैकी ४० सेकंद ते सुटलंय हे ओळखण्यात आणि हुकूम मिळण्यात जातात असं धरू. उरली १३०. आपलं अस्त्र सरासरी सेकंदाला एक किलोमीटर गेलं, तर त्याची धाव १३० किलोमीटर. तिप्पट वेगाचं खास अस्त्र बनवलं तर चारशेच्या आत. म्हणजे विमान क्षेपणास्त्र सुटण्याच्या जागेपासून एवढ्याच अंतरात, आधीपासून, रात्रंदिवस घिरट्या घालत असायला हवं.

उत्तर कोरियाच्या बाबतीत हे निदान कागदावर बसतं. देश अरुंद, दोन्ही बाजूंना समुद्र. म्हणून तर तिथल्या समुद्रावर अशी विमानं किंवा ड्रोन फिरते ठेवावेत, असा प्रस्ताव अमेरिकेतल्या नावाजलेल्या शास्त्रज्ञांनी मांडला होता. पण इराणच्या मध्यभागातून सुटणाऱ्या क्षेपणास्त्राला गाठायचं तर इराणच्या हद्दीत शिरूनच उभं राहावं लागेल. बोइंग ७४७ मध्ये बसवलेल्या लेझरचं हेच झालं. फेब्रुवारी २०१० च्या चाचणीत त्याने चढतं क्षेपणास्त्र पाडलंही. पण सीमेबाहेरून मारा करायचा तर लेझर २० ते ३० पट ताकदीचा लागेल, असं संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी त्याआधीच, २००९ मध्ये, अमेरिकी संसदेपुढे सांगितलं होतं. चाचणीच्या पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, तो प्रकल्प गुंडाळला गेला.

डिसेंबर २००७ मध्ये एफ-१६ वरून हवेतून हवेत मारा करणाऱ्या क्षेपणास्त्राने चढतं रॉकेट टिपलं होतं, हे लेखकाचं म्हणणंही बरोबर आहे. पण ती चाचणी न्यू मेक्सिकोतल्या स्वतःच्या मैदानावर झाली. लक्ष्य आपलं, वेळ आपली, आकाशही आपलंच.

खरी परीक्षा १३-१४ एप्रिल २०२४ च्या रात्री झाली आणि लेखात तिचा उल्लेखच नाही. इराणने इस्रायलवर दीडशेहून अधिक ड्रोन, तीसेक क्रूझ आणि शंभरावर बॅलिस्टिक, म्हणजे उंच चढून वरून कोसळणारी, क्षेपणास्त्रं सोडली. अमेरिकी दलांनी ८० हून अधिक ड्रोन पाडले आणि त्यात एफ-१५ई विमानांचा वाटा मोठा होता. बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं मात्र जहाजांवरच्या आणि जमिनीवरच्या अस्त्रांनी रोखली. कामाची वाटणी त्या रात्री आपसूक झाली.

माझं मन मात्र धावपट्टीवर अडकलं. यातल्या एका एफ-१५ई ची सगळी क्षेपणास्त्रं संपली, तेव्हा त्याच्या चालकांनी अंधारात, जमिनीच्या जवळ जाऊन तोफेने ड्रोन पाडायचा प्रयत्न केला, नेम चुकला. एक विमान पंखाखाली अडकलेलं क्षेपणास्त्र घेऊन उतरलं. याचा अर्थ शस्त्रविभागातल्या माणसालाच कळेल. ज्याला सुटायचा हुकूम मिळाला होता आणि जे सुटलं नाही, त्याच्या जवळ कुणीतरी चालत जायचं असतं. एरवी आम्ही दीडशे किलोचं क्षेपणास्त्र ट्रॉलीवरून आणून पंखाखालच्या रेलवर सरकवायचो, जोडण्या तपासायचो, ते चुकून सुटू नये म्हणून लावलेल्या लाल फितीच्या पिना काढून तळहातावर मोजायचो आणि वैमानिकाला दाखवायचो. एक पिन कमी भरली तर विमान हलत नसे. त्या रात्री हे सगळं चालू इंजिनांच्या आवाजात, डोक्यावरून क्षेपणास्त्रं जात असताना करायचं! विमानाचं कोठार लहान असतं, रिकामं झालं की ते परत भरेपर्यंत आकाश उघडं, हे त्या रात्रीने दाखवलं.

आणि ते भरायचं कशाने? हवेतून हवेत मारा करणारं एक चांगलं क्षेपणास्त्र दहा लाख डॉलरच्या घरात जातं. समोरचा ड्रोन त्याच्या काही टक्क्यांत बनतो. म्हणून अमेरिकेने आता जुन्या ७० मिलिमीटर रॉकेटला लेझरने दिशा देणारा भाग जोडून ती एफ-१६ वर चढवली आहेत. एकेकाला लाखाच्या बऱ्याच खाली डॉलर पडतात आणि एका नळकांड्यात सात मावतात. दिसायला साधी, पण विमानांतून हवाई संरक्षण करायचं तर ही प्रगती मला जास्त मोलाची वाटते.

आपल्याकडे येऊ. सीमेपलीकडून येणाऱ्या छोट्या पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचं इंजिन मिनिट-सव्वा मिनिटात विझतं. त्यांना चढताना गाठायचं स्वप्न आपण पाहू नये. त्यांच्यासाठी जमिनीवरून सुटणारी दुपदरी यंत्रणा आपली संरक्षण संशोधन संस्था डीआरडीओ बांधते आहे. २४ जुलै २०२४ ला ओडिशाच्या किनाऱ्यावर तिच्या दुसऱ्या टप्प्याची चाचणी झाली, तो रस्ता योग्य आहे. आपल्या सुखोई लढाऊ विमानांचं खरं गिऱ्हाईक म्हणजे जमिनीला चिकटून येणारी क्रूझ क्षेपणास्त्रं आणि ड्रोन. ५० मीटर उंचीवरून येणारी वस्तू जमिनीवरच्या रडारला जेमतेम ४० किलोमीटरवर दिसते, कारण पृथ्वी गोल आहे. तेच रडार नऊ किलोमीटर उंच नेलं तर नजर ४०० किलोमीटरपर्यंत पोहोचते. म्हणजे लढाऊ विमानाच्या आधी वर डोळा हवा. तसे डोळे म्हणजे पाठीवर रडार वाहणारी विमानं; त्यातली मोठी फाल्कन आपल्याकडे तीन आहेत, सोबत मोजकी नेत्रा. एवढ्या लांब सीमेवर २४ तास पहारा यातून कसा भागणार, हे मला कळत नाही.

सुखोई आमच्या नाशिकजवळ ओझरला बांधली गेली. अडीच टनांचं ब्राह्मोस क्षेपणास्त्र पोटाशी बांधून असं विमान जून २०१६ मध्ये तिथूनच पहिल्यांदा उडालं. वजन उचलण्याबद्दल मला शंका नाही. माझी विनंती एवढीच, की पुढच्या लेखासाठी आपल्या प्रतिनिधीने दोन प्रश्न विचारावेत. पहारा देणारी विमानं आणखी किती आणि कधी येणार? आणि सुखोईच्या पंखाखाली बसेल असं स्वस्त ड्रोनविरोधी रॉकेट आपल्याकडे कुणी बनवतंय का? उत्तरं मिळाली तर जरूर छापा, मी वाट पाहतोय.

आपला,
हवाई दलातील एक निवृत्त तंत्रज्ञ, नाशिक