क्रूझची बॅग: काय कुठल्या पिशवीत

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

तिकिटं झाली, केबिन ठरली, आता बॅगा भरायच्या. "काय काय घेऊ?" असं आईने विचारलं होतं. त्याचं उत्तर फोनवर उरकण्यासारखं नाही, म्हणून लिहूनच काढते. क्रूझवर विसरलेल्या वस्तूपेक्षा चुकीच्या बॅगेत गेलेली वस्तू जास्त छळते. या प्रवासात मोठी बॅग दोनदा हातातून जाते, चढायच्या दिवशी आणि उतरायच्या आदल्या रात्री. ही दोन वेळापत्रकं डोळ्यांपुढे ठेवलीत की निम्मी बॅग आपोआप भरते.

चढायच्या दिवशी टर्मिनलच्या दाराशीच हमाल मोठ्या बॅगा घेतात. त्या तपासणी यंत्रातून जातात, मग डेकप्रमाणे वेगळ्या होतात आणि केबिनच्या दाराशी आणून ठेवल्या जातात. हजारो बॅगा असतात, त्यामुळे तुम्ही दुपारी चढलात तरी बॅग संध्याकाळी, कधी रात्रीच्या जेवणानंतरही येते. तोवर लागणारं सगळं हातातल्या पिशवीत हवं: पासपोर्ट, व्हिसा, बोर्डिंगचे कागद, विम्याचे कागद, सगळी औषधं, चष्मे, बाबांच्या श्रवणयंत्राचे सेल, फोनचे चार्जर, प्रत्येकाचा एक जोड कपडे आणि एक पातळ स्वेटर. पासपोर्ट कुलूप लावलेल्या मोठ्या बॅगेत ठेवून ती हमालाला देऊन टाकणारे प्रवासी प्रत्येक बंदरावर निघतात. पासपोर्टाशिवाय काउंटरवरून पुढे सोडत नाहीत आणि बॅग तर तोवर जहाजाच्या पोटात गेलेली असते. पासपोर्ट आईच्या खांद्यावरच्या पर्समध्ये, आणि तिथेच.

बॅगेवर लावायचा टॅग आपणच छापायचा असतो. साधा कागद फाटतो, भिजतो, आणि टॅग गेला की ती बॅग कुणाची हे कळायला मार्ग नाही. चार घड्या घालून पारदर्शक प्लास्टिकच्या कव्हरात घाला, नाहीतर चिकटपट्टीत पूर्ण गुंडाळून हँडलभोवती दोन पिना मारा. विमानप्रवास उरकल्यावरच लावा, विमानाच्या पट्ट्यावर तो टिकत नाही. आणखी एक चिठ्ठी बॅगेच्या आत, कपड्यांच्या वर ठेवा: नाव, जहाजाचं नाव, निघायची तारीख, केबिन क्रमांक.

उतरायच्या आदल्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात, वेळ साधारण दहा-अकराची असते. त्या बॅगा थेट टर्मिनलमध्ये भेटतात. उत्साहाने सगळं भरून टाकलं की सकाळी घालायला पॅन्ट नाही आणि पायात सपाता, अशी गत होते. त्या रात्री आधी दुसऱ्या दिवशीचे कपडे, अंतर्वस्त्रं आणि बूट खुर्चीवर काढून ठेवा, मगच बॅग बंद करा. औषधं, कवळीची डबी, दात घासायचं सामान, पासपोर्ट हे हातातल्या पिशवीत. बॅगा केबिनबाहेर न ठेवता सकाळी स्वतः उचलून नेण्याची मुभाही असते, पण आईच्या गुडघ्यांना ते नको.

औषधांचं जरा विस्ताराने लिहिते. प्रवासाचे दिवस अधिक एक आठवडा एवढा साठा घ्या, कारण वादळाने जहाज उशिरा लागतं, विमानं चुकतात. तो साठा दोघांच्या हातपिशव्यांत अर्धा-अर्धा वाटून ठेवा, म्हणजे एक पिशवी कुठे राहिली तरी अडायचं नाही. गोळ्या मूळ पाकिटांतच असू द्या. आठवड्याच्या कप्प्यांची डबी केबिनमध्ये वापरायला छान, पण तपासणीत सुट्या गोळ्या दिसल्या की प्रश्न येतात. डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या आणि तीत कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. ब्रँड देशागणिक बदलतो, मूळ नाव बहुतेक तेच राहतं.

आई, तुझ्या इन्सुलिनसाठी केबिनमधल्या छोट्या फ्रिजवर विसंबू नकोस. पुष्कळ जहाजांवर तो नुसता गारवा धरणारा कपाटवजा खोका असतो. न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश सेल्सिअस लागतं, ते तिथे मिळेलच असं नाही. कंपनीला आधीच कळवलं तर औषधांसाठीचा फ्रिज देतात. वापरात असलेलं पेन बाहेर राहतं, किती दिवस ते पाकिटावर लिहिलेलं असतं (बऱ्याच प्रकारांना २८ दिवस), फक्त उन्हात नको. बर्फाच्या थेट संपर्कातही नको, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. वापरलेल्या सुया केराच्या डब्यात टाकायच्या नाहीत, त्यांच्यासाठी वेगळा डबा मागून घ्यायचा.

बोट लागण्याची गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते. ओकारी सुरू झाल्यावर ती पोटात टिकतच नाही. मात्र तुम्हा दोघांना एक गोष्ट बजावून सांगते. या गोळ्या आणि कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी यांनी तोंड कोरडं पडतं, झोप येते, आणि वय झालेल्यांना गोंधळल्यासारखं होऊ शकतं. प्रोस्टेटचा त्रास असेल तर लघवी अडते, आणि काचबिंदूच्या एका प्रकारात त्या चालतच नाहीत. म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारून एकच प्रकार ठरवा आणि निघण्यापूर्वी घरी एकदा घेऊन बघा. शेजारच्या केबिनमधल्याने प्रेमाने दिलेली गोळी घेऊ नका. गोळीइतकीच जागाही महत्त्वाची: जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या डेकवर हेलकावे सर्वांत कमी. मळमळायला लागलं की पुस्तक मिटा, उघड्या डेकवर या आणि क्षितिजावर नजर ठेवा.

पोट बिघडण्याचं कारण जहाजावर बहुधा नोरोव्हायरस असतो आणि त्याच्यावर अल्कोहोलचं सॅनिटायझर फारसं चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी, किमान २० सेकंद. सॅनिटायझरची बाटली न्या हवी तर, पण जेवणाआधी हात धुवाच. ओआरएसची चार-सहा पाकिटं बरोबर असू द्या आणि पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ते कालवा. कमी पाण्यात घट्ट केलं तर जुलाब वाढू शकतात.

जहाजावरच्या दवाखान्याचं बिल थेट केबिनच्या खात्यावर चढतं आणि ते हलकं नसतं. विमा घेताना समुद्रातून हेलिकॉप्टरने किंवा विमानाने रुग्णालयात हलवण्याचा खर्च त्यात आहे ना, तेवढं बघा. रक्तदाब, मधुमेह, पेसमेकर हे सगळं अर्जात लिहा. लपवलेल्या आजाराचा दावा सरळ नाकारला जातो.

आता विजेकडे, बाबांचा विषय. बहुतेक जहाजांच्या केबिनमध्ये दोन तऱ्हेची सॉकेटं असतात: चपट्या पिनांचं ११० व्होल्टचं अमेरिकी आणि दोन गोल पिनांचं २२० व्होल्टचं युरोपीय. प्रत्येक चार्जरवर बारीक अक्षरांत इनपुट लिहिलेलं असतं. तिथे १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असेल तर नुसता पिन बदलणारा अडॅप्टर पुरतो. फक्त २२०-२४० लिहिलेलं उपकरण घरीच ठेवा. सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेन्शन बोर्ड मात्र अजिबात नको. घरी विजेच्या दोन तारांपैकी एक जमिनीशी जोडलेली असते. पुष्कळ जहाजांवर दोन्ही तारा जहाजाच्या लोखंडापासून वेगळ्या ठेवतात, म्हणजे एका बिघाडाने वीज बंद पडू नये. सर्ज प्रोटेक्टर जादा दाब अर्थिंगकडे वळवतो, आणि अशा रचनेत त्याच्यातून भलत्याच मार्गाने प्रवाह जाऊन तो तापतो, पेट घेऊ शकतो. म्हणून तो तपासणीत काढून घेतात. साध्या एक्स्टेन्शनलाही अनेक कंपन्या आता मनाई करतात. तीन-चार यूएसबी खाचांचा एक चांगला चार्जर न्या, काम भागतं.

इस्त्री, किटली, पाण्यात बुडवायची कॉइल, मेणबत्ती, काहीही तापणारं नको. असं काही मोठ्या बॅगेत सापडलं तर बॅग दाराशी येतच नाही, तुम्हाला सुरक्षा कक्षात जाऊन ती उघडून दाखवावी लागते. पहिल्या रात्री "आमचीच बॅग का आली नाही" याचं उत्तर पुष्कळदा इस्त्री हेच असतं. आईला शेकायला विजेच्या गादीऐवजी रबरी पिशवी. गरम पाणी बुफेच्या चहा-कॉफीच्या काउंटरवर मिळतं. पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच, आणि १०० वॉट-अवरच्या आतली. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर भरते, ती चालते.

केबिनच्या भिंती बहुतेक ठिकाणी पोलादी पत्र्याच्या असतात, त्यामुळे चुंबकाचे हूक फार उपयोगी पडतात: टोप्या, गळ्यातली कार्डं, ओला टॉवेल, दुसऱ्या दिवशीचे कपडे. पाकिटावर १० किलो लिहिलेलं असलं तरी ते सरळ ओढल्यावरचं माप असतं. उभ्या भिंतीवर हूक खाली घसरतो, तेव्हा त्याच्या पाव वजनाचाच भरवसा धरा. चार-सहा हूक पुष्कळ झाले. बाबा, तुमच्या पेसमेकरपासून ते किमान १५ सेंटिमीटर, वीतभर लांब हवेत. शर्टाच्या खिशात तर नकोच, आणि लावा-काढायचं काम आईकडे द्या. पेसमेकरचं ओळखपत्र मात्र खिशात हवं, कारण बंदरावरून परतताना दर वेळी तपासणी असते आणि हातातलं यंत्र छातीवर फिरवू नका, असं दाखवून सांगावं लागतं.

पडण्याची भीती मला वाटते ती न्हाणीघराच्या दारात. तिथे चांगला चार बोटं उंच उंबरा असतो, आणि खिडकी नसलेल्या केबिनमध्ये रात्री डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही असा अंधार. हालचाल झाली की लागणारे सेलवरचे दोन छोटे दिवे घ्या. एक न्हाणीघरात आणि एक पलंगापासून दारापर्यंतच्या वाटेवर, जमिनीलगत. पलंगाशेजारी रबरी तळव्याच्या, मागे पट्टा असलेल्या चपला. नुसत्या सरकवायच्या सपाता हेलकाव्यात पायातून निसटतात. आईची काठी घडीची असली तरी चालेल, पण तळाचं रबर झिजलेलं असेल तर निघण्याआधी बदला.

कपड्यांचं थोडक्यात. आत एसीचा गारठा, बाहेर डेकवर वारा, बंदरावर ऊन, म्हणून एकावर एक घालता येतील असे पातळ कपडे. जीन्स नकोत, केबिनमध्ये दोन दिवस वाळत नाहीत. चार दिवसांचे कपडे घेऊन मध्ये एकदा धुतले की आठवडा निघतो. न्हाणीघरात बहुधा ओढून काढायची दोरी असते, नुसते चिमटे न्या. बाल्कनीत वाळत घालू नका, वारा उडवून नेतो आणि कंपन्यांना ते चालतही नाही. एखाद्या रात्री नीटनेटक्या पोशाखाची अपेक्षा असते, त्यासाठी प्रत्येकी एक चांगला जोड बस्स. टोपीला हनुवटीखाली दोरी हवीच. कॅरिबियन बेटांकडे जाणार असाल तर लष्करी छापाचे कपडे नकोत, बार्बाडोस, जमैका यांसारख्या देशांत सामान्य माणसाने ते घालणं कायद्याने गुन्हा आहे. बाबा दुर्बीण नेणार हे गृहीत धरते. ७ किंवा ८ पटीचीच घ्या, १० पटीच्या दुर्बिणीत डोलत्या डेकवर चित्र थरथरतं.

बंदरावर उतरताना छोटी पिशवी: जहाजाचं कार्ड, ओळखपत्र, रिकामी बाटली, सुट्या छोट्या नोटा, आणि त्या दिवशीच्याच नव्हे तर दुसऱ्या दिवशीच्याही गोळ्या. जहाजाच्या दैनिक पत्रकाचा फोटो काढून ठेवा, त्यावर जहाजकंपनीच्या त्या बंदरातल्या एजंटचा नंबर आणि परत चढण्याची शेवटची वेळ असते. ही वेळ जहाजाच्या घड्याळाची असते, आणि फोन किनाऱ्यावर गेल्यावर आपोआप स्थानिक वेळ दाखवायला लागतो. एका तासाच्या फरकाने जहाज चुकतं. बाबांचं काट्यांचं मनगटी घड्याळ जहाजावर चढल्यावर लावून घ्या, आणि फक्त जहाजावरून सांगितलं तरच बदला. समुद्रात फोन विमान मोडवर ठेवून जहाजाचं वायफाय घ्या. जहाजाचं मोबाईल नेटवर्क उपग्रहावरून चालतं आणि नकळत मोठं बिल येतं.

निघताना आणीबाणीचा सराव होतो, तो चुकवू नका. २०१२च्या कोस्टा कॉन्कॉर्डिया या क्रूझ जहाजाच्या अपघातानंतर तो निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणीच घेण्याचा नियम झाला. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज म्हणजे ठरलेल्या जागी जमायचं. तेव्हा उचलायला गोळ्यांची छोटी पिशवी, चष्मा आणि स्वेटर दाराजवळच्या एका हूकवर एकत्र टांगून ठेवा.

घरी ठेवायचं: टॉवेल, केस वाळवायचं यंत्र, जाडजूड कादंबऱ्या, दागिने. केबिनमध्ये पलंगाखाली बॅगा जातात, पण दोन्ही बाजूंनी उघडणारी कडक बॅग उघडायला जमिनीवर जागाच नसते. ती मोठी निळी राहू दे, कापडी न्या.

आता मला दोन फोटो पाठवा: सगळ्या चार्जरवरच्या बारीक अक्षरांचे आणि दोन्ही पासपोर्टांच्या पहिल्या पानाचे. परतीच्या तारखेनंतर सहा महिने मुदत उरते का ते बघते. व्हिसावर 'एकदाच प्रवेश' लिहिलंय की 'अनेकदा' तेही कळवा. जहाज एका देशातून निघून पुन्हा त्याच देशात लागणार असेल तर एकदाच प्रवेशाचा व्हिसा दुसऱ्या वेळी चालत नाही, आणि ते दुरुस्त करायला वेळ लागतो.

तुमची लेक