घरातल्या बाकीच्यांचं रक्त कोण तपासणार?

माननीय संपादक,
स. न.

गेली २४ वर्षं मी रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. रोज नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायच्या आणि वर आलेलं सीरम यंत्राला द्यायचं, हे माझं काम. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, फार वाढलेलं असलं की सीरम दुधासारखं पांढुरकं दिसतं. यंत्राच्या आधी आम्हालाच कळतं. एलडीएलचं, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचं, तसं नाही. एलडीएल २५० असलेलं सीरमही पिवळसर, नितळ, निरोगी माणसासारखंच दिसतं. अंगातही त्याचा काही पत्ता लागत नाही. दुखत नाही, खुपत नाही.

हे मला पाठ होतं, तरी धाकट्या भावाच्या बाबतीत मी चुकले. त्याच्या पापण्यांवर, नाकाकडच्या कोपऱ्यात, पिवळट चट्टे आले होते. समोर बसून बोलताना कितीदा तरी दिसले. पण तो सडपातळ, निर्व्यसनी, रोज पहाटे धावणारा. त्याला कुठलं कोलेस्टेरॉल, असं मी धरून चालले. ४३व्या वर्षी त्याला हार्ट अटॅक आला. सुदैवाने वाचला, दोन स्टेंट बसवावे लागले. त्या दिवशीचं त्याचं एलडीएल २३८ होतं. आमचे वडील ४९व्या वर्षी हृदयविकारानेच गेले होते, आणि या दोन गोष्टींची सांगड घालायला मला इतकी वर्षं लागली.

मोठ्या माणसाचं एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त आलं तर आनुवंशिक दोषाची शंका घ्यावीच लागते. रक्तातलं एलडीएल ओढून घेणारे रिसेप्टर यकृताच्या पेशींवर असतात. या दोषात ते जन्मापासूनच कमी पडतात, म्हणून व्यायाम आणि पथ्य करूनही आकडा पुरेसा उतरत नाही आणि रक्तवाहिन्यांत थर लहानपणापासून साठत जातो. या रिसेप्टरच्या शोधासाठी ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ मध्ये नोबेल मिळालं. म्हणजे माहिती जुनीच आहे. साधारण २५० माणसांत एकाला हा दोष असतो, आणि त्याच्या प्रत्येक भावंडाला व मुलाला तो असण्याची शक्यता निम्मी.

भावाच्या डिस्चार्ज कार्डावर गोळ्या, पथ्य, पुढच्या तपासणीची तारीख, सगळं होतं. घरच्यांची तपासणी करा, एवढं मात्र कुठेच नव्हतं. मी माझंच रक्त काढून घेतलं: १९६. त्याच्या १४ वर्षांच्या मुलाचं १८४. आता आम्ही दोघंही उपचाराखाली आहोत.

आणखी एक. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, गोळी परस्पर सोडलेली माणसं मला दर आठवड्याला भेटतात. तो आकडा गोळीमुळेच खाली आलेला असतो. सोडली की काही आठवड्यांत पुन्हा वर जातो. स्नायू दुखत असतील तर डॉक्टरांना सांगावं, डोस किंवा औषध बदलता येतं.

वडील किंवा भाऊ ५५ च्या आत, आई किंवा बहीण ६५ च्या आत हृदयविकाराने आजारी पडली असेल, तर तुमचा बांधा कसाही असो, लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्त तपासणी, करून घ्या. आणि डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे: कमी वयात अटॅक आलेल्या प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर ‘भावंडांचं आणि मुलांचं कोलेस्टेरॉल तपासा’ एवढी एक ओळ लिहा.

आपली,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ